एलिफंटा म्हणू नका, घारापुरी म्हणा

सकाळी चहा घेताना सोसायटीचा ग्रुप उघडला आणि डोकं सटकलं. एका सद्गृहस्थांनी 'एलिफंटा'च्या सहलीचे फोटो टाकलेत. खाली मल्लिनाथी: "लेणी अप्रतिम. पण टपऱ्यांनी बेटाची वाट लावलीय, गावकऱ्यांना हलवायला हवं." त्यावर अंगठ्यांची रांग! उलव्यात चौदाव्या मजल्यावरून बेट दिसतं म्हणून लगेच सातबारा यांच्या नावावर झाला की काय?

आधी ते नाव. किनाऱ्यावरचा दगडी हत्ती बघून पोर्तुगीजांनी ठेवलेलं. हत्ती तरी राहिला का? १८६४ साली विलायतेला न्यायला उचलला, पडून तुकडे झाले. सांधलेला तो आज राणीच्या बागेत उभा आहे. म्हणजे हत्ती भायखळ्याला आणि बेटाला हत्तीचं नाव!

माझी आत्या याच बेटावरच्या मोराबंदर गावात दिलेली. मे महिन्यात आम्ही न्हाव्याहून होडीने जायचो, बाबांच्या पायाशी गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी. निम्मी वाटेतच वितळायची. रात्री जनरेटर बंद झाला की मिट्ट काळोख. पडवीत गोधडीवर पडलं की समोर न्हावाशेवा बंदर लखलखताना दिसायचं. आत्या पुठ्ठ्याने वारा घालत म्हणायची, "बघून घ्या पोरांनो, फुकटची रोषणाई!" आम्ही खिदळायचो. आज ते आठवलं की हसू येत नाही.

बंदर १९८९ ला सुरू झालं. त्याआधी १९८७ ला लेणी जागतिक वारसा ठरली. आणि माणसांच्या घरात वीज कधी आली? फेब्रुवारी २०१८! समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल टाकायला एवढी वर्षं. राजधानी तासाभराच्या लाँचवर, मंत्रालय त्याच टोकाला. राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर, इनमिन तीन गावं, पण त्यांची आठवण व्हायला आपल्याला एकतीस वर्षं लागली. त्या काळात कोणी ग्रुपवर हळहळलं होतं का?

बरं, कचरा होतो, पाण्याची बाटली महाग मिळते, मान्य. पण रिकामी बाटली झाडीत भिरकावतं कोण? मोराबंदरची म्हातारी? आणि सोमवारी लेणी बंद, पावसात दर्या खवळला की लाँच बंद, तेव्हा त्या टपरीवाल्याची चूल कशी पेटते, हे विचारायला कुणी थांबत नाही.

जाऊ दे, सकाळी सकाळी फार बोललो. ते गृहस्थ मनाने वाईट नाहीत, गणपतीत वर्गणी सगळ्यात आधी देतात. फोटोही सुरेख काढलेत, विशेषतः सदाशिवाचा. (त्रिमूर्ती म्हणतात लोक, पण तीन देव नव्हेत, एकच शिव आहे तो.) लहानपणी आत्या मला तिथे घेऊन जायची. मधल्या मुखाच्या मिटलेल्या डोळ्यांकडे बोट दाखवून म्हणायची, "यालाही काळोखाची सवय आहे."

वीज आली त्या आठवड्यात मी जायला निघालो. नेहमीप्रमाणे फोन केला, काय काय आणू? पलीकडे खूप गलका, कुणाच्या तरी घरी टीव्ही मोठ्याने लागलेला. आत्या ओरडून म्हणाली, "काय बी नको. बर्फ तर आणूच नको!"