पाथ म्हणजे काय, स्ट्रिंगच की!

मोठ्या फाइलचे तुकडे पाडणारं टूल लिहायला घेतलंय ना? मग आधीच ठरवून टाका, पाथ, म्हणजे फाइलचा पत्ता, ही साधी स्ट्रिंग, अक्षरांची माळ. फोल्डरचं नाव, मध्ये एक बॅकस्लॅश (\), पुढे फाइलचं नाव. प्लसने चिकटवा, काम फत्ते. पायथनमध्ये २०१४ पासून पाथलिब आहे आणि सी प्लस प्लसच्या २०१७ च्या मानकात फाइलसिस्टिम लायब्ररी आलीय, दोन्ही पाथ नीट हाताळायलाच, पण त्या कुबड्या. तुमचे पाय धडधाकट आहेत.

हेच टूल लिनक्सवर चालवून बघा. तिथे बॅकस्लॅश हे नावातलं एक चालणारं अक्षर आहे. त्यामुळे 'तुकडे\डेटा.००१' लिहिलं की 'तुकडे' फोल्डर रिकामाच राहतो आणि बाहेर, पोटात बॅकस्लॅश घेतलेली एक फाइल अवतरते. एरर? छे, कशाला येईल. विंडोजच्या बहुतेक एपीआयना (प्रोग्रॅमने हाक मारायच्या तयार फंक्शनांना) सरळ / सुद्धा चालतो म्हणा, पण ते वापरकर्त्याला कळू देऊ नका.

एक्स्टेन्शन, म्हणजे नावातली टिंबापुढची शेपटी, काढायचं तर अख्ख्या पाथमधला शेवटचा टिंब शोधा आणि तिथून पुढचं छाटा. 'आवृत्ती१.२/डेटा' या बिनटिंबाच्या फाइलवर ही युक्ती खुलते. टिंब सापडतो तो फोल्डरच्या नावात, आणि तुकडे एक पायरी वर 'आवृत्ती१.००१' अशा नावाने जन्म घेतात.

नावात वेळ घालायला विसरू नका, आणि तीही कोलन देऊन : 'बॅकअप-१२:३०'. लिनक्सवर ते खपतं. विंडोजच्या एनटीएफएस या फाइलसिस्टिमवर मात्र कोलनच्या पुढचा भाग हे पर्यायी डेटा स्ट्रीमचं, म्हणजे त्याच फाइलला जोडलेल्या लपलेल्या कप्प्याचं, नाव ठरतं. फोल्डरात 'बॅकअप-१२' नावाची फाइल दिसते, आकार ० बाइट. डेटा आहे, फक्त दिसत नाही. तीच फाइल असे कप्पे नसलेल्या फॅट३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर कॉपी केली की तो खरोखरच नसतो.

तुकड्यांना १, २, ३ असे क्रमांक द्या. आधी शून्यं लावणं हे भित्र्यांचं काम. नावानुसार लावले की क्रम येतो १, १०, ११, २. त्याच क्रमाने जोडलेल्या फाइलचा आकार बाइटन् बाइट जुळतो, म्हणून आकार तपासून समाधान माना. चेकसम, म्हणजे मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा, काढलात तर उगाच जिवाला घोर.

पाथच्या लांबीसाठी २५६ चा बफर (मेमरीतली राखीव जागा) पुरे. विंडोजची अख्ख्या पाथची जुनी मर्यादा २६०, तीही शेवटचा शून्य बाइट धरून. लिनक्सवर एका नावाला सहसा २५५ मिळतात, पण ती अक्षरं नव्हेत, बाइट. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, ३ बाइट खातं. म्हणजे ८४ चिन्हांचं मराठी नाव २५२ बाइटांत मजेत बसतं. त्याला टिंब आणि तीन इंग्रजी अंकांची शेपटी लावलीत की झाले २५६. मूळ फाइल उघडते, तुकडा मात्र पडत नाही. दोष अर्थात मराठीत नाव ठेवणाऱ्याचा.

तुकड्यांच्या यादीत नुसतं नाव नको, तुमच्या मशीनवरचा पूर्ण पाथ लिहा. दुसऱ्याच्या मशीनवर तो फोल्डर असेलच. आणि जोडताना यादीवर डोळे मिटून विश्वास ठेवा. तिच्यात '../../', म्हणजे 'दोन फोल्डर वर जा', असलं, तर पाहुणा दोन घरं पलीकडे जाऊन लिहून येईल. पायथनचा पाथ जोडणारा जुना जॉइन तर फारच आज्ञाधारक : दुसरा भाग / ने सुरू झाला की पहिला भाग मुकाट टाकून देतो. हा पहिला भाग म्हणजे 'याच फोल्डरात लिही' म्हणून तुम्ही जपून दिलेला पाथ.