‘व्यायामाच्या दिवशी गोळी टाळा’ या सल्ल्याचा प्रतिवाद

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांमध्ये एक संदेश सतत फिरत असतो. झटक्यानंतरच्या गोळ्या हृदयाचा वेग दाबतात, त्यामुळे फुफ्फुसांना हवा पुरत नाही आणि चालताना धाप लागते. म्हणून व्यायामाच्या दिवशी सकाळची गोळी टाळावी आणि ‘२२० वजा वय’ या कमाल नाडीच्या ढोबळ हिशेबाने नाडी वाढवावी, असे त्यात म्हटलेले असते. यातील एक निरीक्षण खरे आहे, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष घातक आहे.

मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल यांसारखी बीटा ब्लॉकर औषधे नाडीचा वेग आणि आकुंचनाचा जोर कमी करतात, हे खरेच आहे. हृदयाची प्राणवायूची गरज कमी व्हावी म्हणूनच ती दिली जातात. नाडी संथ झाल्यामुळे हृदयाला भरायला अधिक वेळ मिळतो आणि प्रत्येक ठोक्याला थोडे अधिक रक्त बाहेर पडते, पण ही भरपाई जोराच्या श्रमात पुरी पडत नाही. म्हणून चढावर पाय लवकर भरून येतात आणि थकवा जाणवतो. मात्र यात फुफ्फुसात जाणारी हवा कमी झालेली नसते. दमेकऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्या श्वासनलिका या औषधांनी आकसू शकतात, आणि निवडक, म्हणजे मुख्यतः हृदयावरच काम करणारी समजल्या जाणाऱ्या औषधांचाही हा निवडकपणा मोठ्या मात्रेत कमी होतो, त्यामुळे दमा असल्यास डॉक्टरांना ते आधीच सांगितले पाहिजे.

संदेशात सगळ्या गोळ्या एकाच माळेत ओवल्या आहेत, हा मला त्यातील सर्वांत मोठा दोष वाटतो. श्वासाशी थेट संबंध असलेले औषध बहुधा दुसरेच असते: स्टेंटमध्ये, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीत, गुठळी होऊ नये म्हणून दिले जाणारे टिकाग्रेलॉर. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्लेटो’ चाचणीत ते घेणाऱ्या १३.८ टक्के रुग्णांनी धाप लागत असल्याचे सांगितले, तर त्याच कामाचे जुने औषध क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ७.८ टक्के होते. ही धाप पुष्कळदा बसल्या जागीही जाणवते, सहसा सौम्य असते, अनेकांची काही दिवसांत ओसरते, आणि फुफ्फुसांच्या तपासणीत बिघाड आढळत नाही. तरीही ती फार त्रास देत असेल, तर डॉक्टर दुसरे औषध देऊ शकतात. स्वतःहून ते बंद केल्यास मात्र स्टेंट बंद पडून दुसरा झटका येऊ शकतो.

बीटा ब्लॉकरचा डोस मध्येच चुकवणेही निर्धोक नाही. औषध चालू असताना हृदय ॲड्रिनॅलिनला अधिक संवेदनशील झालेले असते, पण औषधाच्या आवरणामुळे ते जाणवत नाही. ते अचानक थांबवून त्याच दिवशी व्यायाम करणे म्हणजे आवरण काढल्याबरोबर हृदयावर भार टाकणे होय. बंद करायचेच असेल, तर मात्रा साधारणपणे एक ते दोन आठवड्यांत उतरवत नेतात. ज्यांच्या हृदयाची पंपिंग क्षमता चांगली आहे, त्यांना हे औषध दीर्घकाळ लागते का, हा प्रश्न आज रास्त आहे. २०२४ च्या ‘रिड्यूस-एएमआय’ चाचणीत अशा रुग्णांना त्याचा ठळक फायदा दिसला नाही. तो निर्णय इको तपासणी पाहून दवाखान्यात व्हावा, व्यायामाच्या सकाळी घरी नव्हे.

‘२२० वजा वय’ हा हिशेब बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांना लागूच पडत नाही. ट्रेडमिलवर चालणारा रुग्ण घड्याळात १०४ हा आकडा पाहतो आणि नाडी अजून कमीच आहे असे समजून वेग वाढवतो. त्या वेळी त्याचे खांदे वर ओढलेले असतात आणि ‘बरे आहे’ हे दोन शब्दही तुटकच उमटतात. अशा वेळी आकड्यापेक्षा शब्दांवर विश्वास ठेवावा. चालता चालता पूर्ण वाक्य बोलता यावे. आपल्याला श्रम किती वाटतात ते आपणच आकड्यात सांगण्याच्या बोर्ग यांच्या ६ ते २० या मोजपट्टीवर श्रम सुरुवातीला ११ ते १३ च्या आसपास असावेत.

सगळा दोष गोळीवर टाकल्याने खरे कारण नजरेआड होते, ही माझी मोठी काळजी आहे. आठवडे पडून राहिल्याने स्नायूंची सवय मोडलेली असू शकते, किंवा हृदय खरोखरच कमजोर झालेले असू शकते. आडवे पडल्यावर धाप लागणे, रात्री श्वास कोंडून जाग येणे, घोट्यांना सूज येणे किंवा तीन दिवसांत दोन किलोहून अधिक वजन वाढणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे. थांबून विश्रांती घेतल्यावरही धाप ओसरत नसेल किंवा सोबत छातीत दाब जाणवत असेल, तर लगेच रुग्णवाहिका बोलवावी.