सही मागायला आलेल्या शेजाऱ्यांस

आज सकाळी शेजारच्या इमारतीतील दोन सद्गृहस्थ एका निवेदनावर माझी सही घेण्यासाठी आले होते. आमच्या गल्लीतील शाळेच्या तळमजल्यावर आठवड्यातून दोनदा संध्याकाळी दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाची, म्हणजे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची सभा भरते. ती बंद करावी, कारण ‘असली माणसे’ वस्तीत येऊ लागली आहेत, असे त्या कागदावर लिहिले होते. मी सही केली नाही. चहा मात्र दिला, आणि आता वाटते की तोही द्यायला नको होता.

‘असल्या माणसां’पैकी एक माझे धाकटे दीर आहेत. त्यांना विचारूनच हे लिहीत आहे. त्यांचे नाव आणि आमचे उपनगर मात्र सांगणार नाही.

भावजी व्यसनमुक्ती केंद्रातून निघाले तेव्हा तेथील समुपदेशकांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती : घराजवळचा गट शोधा आणि सभा चुकवू नका. तो शोधताना आमची पुरती दमछाक झाली. एका पत्त्यावर सभा भरणे केव्हाच थांबले होते. दुसरीकडे रखवालदाराने साऱ्या आवाराला ऐकू जाईल अशा आवाजात ‘दारूवाले ना? मागच्या जिन्याने जा’ असे सांगितले आणि भावजी फाटकातूनच परत फिरले. शेवटी दादरचा एक गट मिळाला. येथील एमआयडीसीतून सुटायचे, लोकलने दादर गाठायचे, सभेला बसायचे आणि रात्री परत येऊन स्थानकाबाहेरचे वाईन शॉप, देशी दारूचे दुकान आणि परमिट रूम यांच्यासमोरून घरी चालत यायचे, असा तो क्रम होता. दारू सोडू पाहणाऱ्या माणसासाठी याहून वाईट रस्ता आखता आला नसता.

पुढे आमच्या गल्लीत गट सुरू झाला, आणि त्यानंतरची एक रात्र मला त्या सद्गृहस्थांना सांगायची होती, पण त्यांना घाई होती. कामावर काहीतरी बिनसले होते आणि भावजी त्या परमिट रूमच्या पायरीवर उभे होते. तेथून त्यांनी गटातील एका काकांना फोन केला. काका मागच्याच गल्लीत राहतात. ते घरच्या कपड्यांत, पायात स्लिपर, तसेच स्कूटरवरून आले आणि दोघे बराच वेळ वडापावच्या गाडीपाशी बोलत उभे राहिले. काका दादरला राहत असते तर त्या रात्री काय झाले असते, हे मला कोणी समजावून सांगावे.

ज्या परमिट रूमविषयी मी बोलते आहे, तिच्याविरुद्ध या मंडळींनी आजवर एकही कागद फिरवलेला नाही. ‘आडवी बाटली’चे मतदान घेऊन दुकान बंद पाडण्याची तरतूद आपल्या राज्यात आहे, हे यांना ठाऊक नसेल असे नाही. पिणारा चालतो, पिणे सोडणारा चालत नाही! पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राचे कौतुक हीच मंडळी आवडीने करतात, पण तशा केंद्रातून बाहेर पडलेला माणूस पुढची सारी वर्षे काढतो ती आपल्याच गल्लीत, याचा विचार कोणी करायचा?

सभा सुटल्यावर फाटकाशी काही जण सिगारेट ओढत रेंगाळतात, हे खरे आहे. ते त्यांना सांगता येईल. गट म्हणजे औषध नव्हे, हेही मान्य. रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू थांबवली तर त्याला झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो आणि तेव्हा डॉक्टरच लागतो. सभेतील ईश्वराचा उल्लेख भावजींना आजही खटकतो, तरी ते जातात.

या चळवळीचा आरंभही अशाच शोधातून झाला. १९३५ साली बिल नावाचा दारू सोडलेला न्यूयॉर्कचा एक शेअर दलाल अमेरिकेतील अ‍ॅक्रन गावातील हॉटेलात एकटा होता. एका बाजूला बार आणि दुसऱ्या बाजूला टेलिफोन. त्याने टेलिफोन उचलला आणि बोलण्यासाठी दुसरा मद्यपी शोधू लागला. त्यातून त्याला डॉ. बॉब हे मद्यपी डॉक्टर भेटले आणि दोघांनी मिळून ही चळवळ सुरू केली. पायरीवर उभ्या असलेल्या भावजींनी याहून वेगळे काय केले?

सकाळचा राग आता बराच उतरला आहे. त्या दोघांपैकी एकाच्या घरातून रात्री कसले आवाज येतात, ते साऱ्या इमारतीला ठाऊक आहे, आणि त्याच्या पत्नीने मला जिन्यात हळूच विचारले होते की, घरच्या माणसांसाठीही असे काही असते का. असते. त्याला अल-अ‍ॅनॉन म्हणतात. ताई, तुम्ही हे वाचत असाल तर केव्हाही या, मी सोबत येईन.

आता एक काम. निवेदन शाळेकडे गेले तर जागा जाण्याची शक्यता आहे. आमच्या परिसरात संध्याकाळी दीड तास मिळेल अशी, शक्यतो तळमजल्यावरची आणि स्थानकाच्या रस्त्यावर नसलेली खोली कोणाच्या माहितीत असेल तर मला इनबॉक्समध्ये कळवावे. भाडे गटातील माणसे आपापसांत वर्गणी काढून देतात, बाहेरची देणगी घेत नाहीत. खुर्च्या नसल्या तरी चालेल, सतरंजी आमच्याकडे आहे. आणि ज्यांना स्वतःसाठी किंवा घरातल्या कोणासाठी विचारायचे आहे, पण मला विचारणे अवघड वाटते, त्यांच्यासाठी शासनाची १४४४६ ही निःशुल्क हेल्पलाइन आहे.