गुरुजींच्या पगाराचा तो मेसेज, आधी हे वाचा

परवापासून परभणीकडच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायलाय की नव्या शैक्षणिक धोरणामुळं आता लेकरांच्या मार्कावर गुरुजींचा पगार ठरणार, निकाल कमी लागला की पगार कट. मी पण न वाचताच पुढं ढकलला होता, चूक माझीच.

काल धोरणाची पीडीएफच उघडून बसलो. 2020 च्या त्या धोरणात मेरिटवर बढती अन् पगारवाढ असं आहे, हे खरंय, पण मूल्यमापन कशावर तर सहकाऱ्यांचा अभिप्राय, हजेरी, कामातली तळमळ, ट्रेनिंगचे तास अन् शाळा-गावासाठी केलेलं काम, त्या यादीत लेकरांचे मार्क नाहीतच, पगार कापायचं तर कुठंच नाही. अन् ही पद्धत राज्यांनी ठरवायचीय, धोरण म्हणजे काही कायदा नव्हे. वर्षाला किमान 50 तास ट्रेनिंगची अपेक्षा मात्र आहे.

तसं पगाराला ट्रेनिंग जोडणं आपल्याकडं जुनंच, 12 वर्षांच्या नोकरीनंतर वरिष्ठ अन् 24 वर्षांनंतर निवड श्रेणी, म्हणजे पगाराची वरची पायरी, मिळायला ट्रेनिंग लागतंच, घरात कुणी शिक्षक असंल तर विचारा.

तेवढा तो जुना मेसेज पुढं पाठवू नका भाऊ, अन् जिथं टाकलाय तिथं हा टाका.