तिना कानमा काय शे व?

आज डोकं फिरलंय. जळगावात एका बक्षीस समारंभाला गेले होते. आठवीतली एक पोरगी माइकवर म्हणाली, "टीव्हीवरच्या मालिका बघून ठरवलंय, मला अवकाशयान बनवायचंय." पाहुणे हसले. "बेटा, मालिका बघून असलं काही होत नसतं. बी.एड. कर." आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या!

होत नसतं? ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' लागायचं, अवकाशयानातून ग्रहोग्रही फिरणाऱ्या माणसांची अमेरिकन मालिका. आमच्या गल्लीत टीव्ही एकच, शेजारच्या काकांकडे. इंग्रजी कुणालाच कळत नव्हतं. आजी दाराशी बसून शेंगा फोडत बघायची. यानात यंत्रापुढे एक काळी बाई बसलेली, कानात नळीसारखं काहीतरी चमकायचं. आजीने विचारलं, "तिना कानमा काय शे व?" मी म्हटलं, दूरच्या ग्रहांवरचे निरोप ऐकते ती, मग कप्तानाला सांगते. आजीचे शेंगा फोडणारे हात थांबले. "आनि मानसे तिनं ऐकतस?"

ती निशेल निकोल्स, मालिकेतली उहुरा. 1966 साली अमेरिकन टीव्हीवर काळ्या बाईला बहुतेक मोलकरणीचंच काम मिळायचं. ती मालिका सोडायला निघाली तेव्हा खुद्द मार्टिन ल्यूथर किंगनी तिला थांबवलं. तिला बघत मोठी झालेली मे जेमिसन 1992 मध्ये अंतराळात गेली, तिथे पोचलेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री. प्रेक्षकांनी पत्रांचा पाऊस पाडला म्हणून 1976 मध्ये नासाने आपल्या शटलला, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरायच्या अवकाशयानाला, 'एंटरप्राइज' नाव दिलं. मालिकेतल्या यानाचं नाव! आणि म्हणे काही होत नसतं.

हो, त्यातलं विज्ञान पुष्कळदा चुकीचं असतं, पोकळीत स्फोटाचे आवाज येतात. रात्री एकपर्यंत मोबाइलला चिकटलेली पोरं मलाही दिसतात. ठीक आहे.

पण आजीचं काय? अकरावीला आप्पा म्हणाले, मुलीला सायन्स कशाला. आजी चुलीपाशी होती, कळण्याची भाकरी थापत. मान वर न करता म्हणाली, "जाऊ दे तिले." शाळेची पायरी न चढलेली बाई. तिला कुणी भाषण दिलं नव्हतं. तिने फक्त एक बाई यंत्रापुढे बसलेली बघितली होती. हे लिहिताना गळा दाटून येतोय.

आपल्याकडे 1998 साली 'कॅप्टन व्योम' आलं, मिलिंद सोमणची अवकाशातली मालिका. पोरं वेडी झाली होती. मग काय झालं? नागिणी आणि कारस्थानी सासवा. नारळीकरांनी इतक्या विज्ञानकथा मराठीत लिहून ठेवल्या, त्यांच्यावर एक धड मालिका काढावीशी वाटत नाही कुणाला? आणि हे खान्देशात ऐकून घ्यायचं? चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांच्या नातवाने मठ काढला, त्याचा शिलालेख आजही आहे. आपल्या पोरींनी आभाळाकडे बघितलं की हसायचं?

या रविवारपासून आमच्या गच्चीवर प्रोजेक्टर लावतेय, संध्याकाळी सातला. 'स्टार ट्रेक'चे जुने भाग दाखवणार, मध्ये थांबवून मराठीत, अहिराणीत सांगणार. पोरापोरींना पाठवा, आज्यांनाही आणा. शेव-मुरमुरे माझ्याकडून. लाइट गेली तर इन्व्हर्टर आहे.