लीनता कुणी कुणाला शिकवायची?

नमस्कार. सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमचा आक्षेप असा, की ख्रिस्ती धर्मातली लीनता दुबळ्यांना गप्प बसवते: एका गालावर बसली की दुसरा पुढे करायचा, आणि मारणारा मोकळाच.

ही शिकवण तशी वापरली गेली, हे मान्यच करायला हवं. अमेरिकेत गुलामांना ‘दासांनो, आपल्या धन्यांच्या आज्ञेत राहा’ हे बायबलमधल्या इफिसकरांस पत्रातलं वचन पिढ्यान्‌पिढ्या ऐकवलं गेलं. त्याच अध्यायात पुढे धन्यांनाही बजावलंय, की धमकावणं सोडा, तुमचाही धनी स्वर्गात आहे. ते काही तेवढ्या जोराने कुणी ऐकवलं नाही.

पण खुद्द येशू कसा वागला ते पाहा. योहानाच्या शुभवर्तमानात, अठराव्या अध्यायात, त्याला बांधून हन्ना या वरिष्ठ याजकासमोर उभं केलंय. एक शिपाई त्याला चपराक मारतो. येशू हात उगारत नाही, पण गप्पही बसत नाही. मी वाईट बोललो असेन तर ते दाखवून दे. योग्य बोललो असेन तर मला का मारतोस, असं तो सरळ विचारतो.

ख्रिस्ती धर्माचा आद्य प्रचारक पौल, त्याचंही तसंच. फिलिप्पै शहरात त्याला आणि त्याचा सोबती सीला याला चौकशीविना भर चौकात फटके मारून तुरुंगात टाकलं. सकाळी निरोप आला, सोडून द्या. पौल हलायलाच तयार नाही! आम्ही रोमी नागरिक, चौकशीविना आम्हाला मारताच येत नाही. मारलंत चारचौघांत आणि आता गुपचूप घालवता? स्वतः या आणि बाहेर न्या. अधिकाऱ्यांना यावं लागलं, विनवण्या कराव्या लागल्या. आणि ‘लीनतेने एकमेकांना आपल्यापेक्षा श्रेष्ठ माना’ हे याच पौलाने लिहिलं, तेही याच फिलिप्पैच्या मंडळीला. त्याला या दोन्हींत विसंगती वाटली नाही. मलाही वाटत नाही.

कारण या लीनतेची सुरुवात देवापुढे होते. येशूने सांगितलेल्या दाखल्यात मंदिरात प्रार्थनेला आलेला परूशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणारा धर्मनिष्ठ यहुदी, आठवड्यातून दोनदा उपास करतो, उत्पन्नाचा दहावा भाग देतो. त्यात खोटं काहीच नाही. तो चुकतो ते प्रार्थना करता करता दूर उभ्या असलेल्या, लोक पापी मानत त्या जकातदाराकडे बोट दाखवतो म्हणून. आणि माणसामाणसांत ती वरून खाली येते. शेवटच्या भोजनाच्या वेळी कमरेला रुमाल बांधून, घंगाळात पाणी ओतून गुरूने शिष्यांचे पाय धुतले. पेत्र या शिष्याला ते सहन होईना.

आपल्या पंडिता रमाबाईंचंच घ्या. 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावरही चर्चमधल्या वडीलधाऱ्यांशी त्या मतभेदावर पत्रांतून ठामपणे वाद घालत राहिल्या. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून दुसऱ्याच्या जोखडाखाली जायला त्या तयार नव्हत्या. त्याच बाईंनी पुढे 1896-97च्या दुष्काळातल्या उपाशी मुली केडगावात आणून सांभाळल्या.

तेव्हा नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला ‘लीन हो’ म्हणून घरी परत पाठवणारा चर्चचा पाळक चुकतो, हे मी तुमच्याइतक्याच ठामपणे म्हणेन. त्याने तो उपदेश घेऊन आधी तिच्या नवऱ्याकडे जावं.