तेल पांढरं झालं म्हणजे विष निघालं?

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मावशीने तो संदेश पुन्हा टाकलाय: रोज सकाळी तिळाचं तेल वीस मिनिटं तोंडात खुळखुळवा, ९९ टक्के जंतू मरतात, शरीरातलं विष खेचलं जातं, तेल पांढरं झालं की विष निघालं समजा, ब्रशची गरज उरत नाही.

आधी पांढऱ्या रंगाचं बघू. तेल आणि लाळ एकत्र घोटली की तेलाचे बारीक थेंब लाळेत विखुरतात आणि मिश्रण दुधाळ दिसतं. तोंड निरोगी असो की किडकं, तेल पांढरंच होणार. रक्त गाळायला यकृत आणि मूत्रपिंडं आहेत, गालाच्या आतून विष ओढून घेणारं तेल नाही.

जंतूंचा मुद्दा मात्र निव्वळ थाप नाही. चेन्नईत २००८ साली २० किशोरवयीन मुलांवर प्रयोग झाला: काहींना तिळाचं तेल, काहींना क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचा माउथवॉश. दात किडवणारा स्ट्रेप्टोकोकस म्यूटन्स दोन्हीकडे घटला. माउथवॉशचा परिणाम लगेच दिसला, तेलाचा आठवड्यानंतर. पण मुलं २०, मुदत दोन आठवडे. २०२२ मध्ये अशा ९ चाचण्यांचे, ३४४ जणांचे आकडे एकत्र तपासले गेले. लाळेतले जंतू तेलाने कमी झाले होते. दातांवरचा थर आणि हिरड्यांची सूज यांत मात्र ठोस फरक सापडला नाही.

खरी गोम इथेच आहे. लाळेतले जंतू पोहणारे. दाताला धरून बसलेले जंतू स्वतःभोवती चिकट थर करून राहतात. शेवाळलेल्या हौदातलं पाणी उपसलं म्हणून भिंतीवरचं शेवाळ जात नाही, ते घासावं लागतं. डेन्मार्कमधल्या ऑर्‌हूसला १९६५ मध्ये १२ निरोगी माणसांना दात घासणं बंद करायला लावलं होतं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या आणि पुन्हा घासायला लागल्यावर बऱ्या झाल्या.

आणि ९९ टक्के जंतू मारायचेच कशाला? काही जंतू पालेभाज्यांतल्या नायट्रेटचं नायट्राइट करतात, जे रक्तवाहिन्या सैल ठेवायला उपयोगी पडतं. २०१३ मध्ये लंडनला १९ निरोगी लोकांनी आठवडाभर जंतुनाशक माउथवॉश वापरला, तर त्यांचा रक्तदाब २ ते ३.५ अंकांनी चढला.

‘आयुर्वेदात सांगितलंय’ म्हणाल, तर हो, गंडूष (तोंडात तेल धरून ठेवणं) आणि कवल (ते खुळखुळवणं) आहेतच. पण त्याच दिनचर्येत दंतधावन, म्हणजे काडीने दात घासणं, वेगळं सांगितलंय. तेलामुळे काडी सोडा असं तिथेही नाही! (दंतधावनाचं वाक्य संदेश पुढे ढकलताना कुणीतरी सोयीने गाळलं असावं.)

तेल चुकून श्वासनलिकेत गेल्याने फुप्फुसाला सूज आल्याचेही रुग्ण नोंदले गेलेत, म्हणून लहान मुलांना हा खेळ नको.

मावशीला लिहिलंय: आवडत असेल तर कर, पण ब्रश सोडू नकोस. आणि खोबरेल वापरत असशील तर बेसिनमध्ये थुंकू नकोस, थंडीत पाइपात गोठतं.